घरच्या स्मोकरवर ब्रिस्केट: आच सांभाळण्यापासून काप करण्यापर्यंत

ब्रिस्केट म्हणजे गुराच्या छातीचं मांस, आणि स्मोकर म्हणजे मांस मंद आचेवर, धुरात शिजवायची झाकणाची चूल. उभ्या जनावराच्या वजनाचा मोठा भार याच स्नायूंवर असतो, त्यामुळे ते कायम राबलेले आणि कोलॅजनच्या चिवट जाळ्याने भरलेले असतात. झटपट भाजलं तर हे मांस वहाणेच्या चामड्यासारखं लागतं. तेच १० ते १२ तास मंद आचेवर ठेवलं की कोलॅजनचं जिलेटिन होतं आणि मांस ओलसर, मऊ होतं. हा बदल नुसत्या तापमानाने होत नाही, त्याला वेळही लागतो. म्हणून आग मोठी करून काम लवकर उरकता येत नाही. नवख्यांचं ब्रिस्केट बिघडतं ते क्वचितच मसाल्यामुळे, बहुतेकदा आगीमुळे. आग लहान ठेवायची, पण जिवंत ठेवायची, एवढं जमलं की बाकीचं जमतं.

मांस निवडणं आणि साफ करणं

अख्ख्या ब्रिस्केटमध्ये दोन स्नायू एकावर एक असतात. फ्लॅट हा चपटा आणि कमी चरबीचा, तर पॉइंट जाड आणि चरबीदार. नुसता फ्लॅट स्वस्त आणि सुटसुटीत वाटतो, पण तो लवकर कोरडा पडतो. पहिल्यांदा करणाऱ्याने अख्खा तुकडाच घ्यावा, साधारण ५.५ ते ६.५ किलोचा. मांसात आतपर्यंत चरबीच्या बारीक रेषा दिसल्या पाहिजेत. अमेरिकी प्रतवारीचं मांस मिळत असेल तर ‘प्राइम’ किंवा ‘चॉइस’ घ्या, ‘सिलेक्ट’ टाळा. फ्लॅटचं टोक निदान अडीच सेंटिमीटर जाड असावं. पातळ टोक शेवटी कापून टाकावंच लागतं.

साफसफाई मांस फ्रिजमधून काढल्या काढल्या करा. गार चरबी घट्ट असते, सुरी तिच्यावरून नीट चालते. कोमट झालेली चरबी सुरीखाली नुसती सरकते. वरचा चरबीचा थर सगळीकडे ६ मिलिमीटरवर आणा. त्याहून जाड ठेवला तर तो वितळत नाही आणि मसाला मांसापर्यंत पोहोचत नाही. पूर्ण काढला तर फ्लॅट उघडा पडतो. दोन स्नायूंच्या मध्ये बाजूने एक कडक, मेणचट चरबीचा गोळा लागेल. तो कितीही तापला तरी विरघळत नाही, म्हणून सुरीचं टोक जाईल तेवढा कोरून काढा. फ्लॅटच्या उघड्या बाजूची चंदेरी पातळ त्वचाही सोलून टाका. लोंबणारे तुकडे आणि टोकदार कोपरे छाटून तुकडा गोलसर करा, नाहीतर ते कोपरे काळे ठिक्कर पडतात.

किलो-दीड किलो ऐवज निघून जाईल. हळहळू नका. निघालेली चरबी मंद आचेवर कढवून गाळून ठेवा, पुढे गुंडाळताना कामाला येते.

याच वेळी फ्लॅटमध्ये मांसाचे धागे कोणत्या दिशेने जातात ते नीट पाहा आणि एका कोपऱ्याची छोटी चकती धाग्यांच्या आडवी कापून टाका. शिजल्यावर वरची काळी साल सगळं झाकून टाकते. त्या वेळी कापायची दिशा दाखवायला हीच खूण उरते.

मीठ आणि मिरी

टेक्सासच्या पद्धतीत एवढंच असतं आणि ते पुरतं. साफ केलेल्या मांसाच्या दर किलोला १० ते १२ ग्रॅम मीठ वजन करूनच घ्या. चमच्याने मोजू नका, कारण जाड आणि बारीक मिठाच्या एका चमच्याच्या वजनात जवळजवळ दुपटीचा फरक पडू शकतो. काळी मिरी जाडसर कुटलेली हवी. बारीक पूड कडवट लागते आणि सालीला पोत येत नाही. हवी तर थोडी लसूण पूड घाला. साखरेची इथे गरज नाही.

मीठ आदल्या रात्री लावा आणि मांस उघडंच फ्रिजमध्ये ठेवा. रात्रभरात मीठ आत मुरतं, पृष्ठभाग सुकतो. मिरी सकाळी लावली तरी चालते. मांस जाळीवर फ्रिजमधून थेट ठेवा, बाहेर काढून कोमट करण्यात काही फायदा नाही. गार, ओलसर पृष्ठभागावर धूर जास्त बसतो. कापल्यावर कडेला दिसणारी गुलाबी पट्टी धुरातले वायू मांसातल्या मायोग्लोबिनशी, म्हणजे मांसाला लाल रंग देणाऱ्या प्रथिनाशी, जुळल्याने येते आणि बाहेरचा थर साधारण ६० अंशांपलीकडे गेला की वाढायची थांबते. दिसायला ती सुरेख असते, चवीशी मात्र तिचा संबंध नाही. ती आली नाही म्हणून खट्टू होऊ नका.

वेळेचं गणित

साफ केलेलं साडेचार-पाच किलोचं ब्रिस्केट १२० अंश सेल्सिअसला साधारण १० ते १२ तास घेतं. त्यावर विश्रांतीचे किमान २ तास. संध्याकाळी ७ ला जेवण असेल तर आग पहाटे ३ ला पेटवा आणि मांस ४ ला जाळीवर ठेवा. फार लवकर वाटेल, पण वेळेआधी तयार झालेलं ब्रिस्केट चार तास सहज गरम राहतं. उशीर झालेल्या ब्रिस्केटला काही इलाज नसतो.

थर्मामीटर

झाकणावरच्या गोल काट्यावर विसंबू नका. तो वर, जाळीपासून लांब असतो आणि १५-२० अंशांनी सहज चुकतो. दोन सुयांचा डिजिटल थर्मामीटर ही या कामातली सगळ्यात शहाणपणाची खरेदी. एक सुई जाळीच्या उंचीवर, मांसापासून सुमारे ५ सेंटिमीटर दूर लावा. मांसाला टेकवली तर गार मांस तिला फसवतं. दुसरी सुई फ्लॅटच्या सर्वांत जाड भागात आडवी खुपसा. वापरण्यापूर्वी दोन्ही सुया बर्फाच्या पाण्यात बुडवून बघा, ० अंश दिसायला हवं.

आग

इथे झाकणाच्या साध्या गोल ग्रिलचं, म्हणजे केटलचं, उदाहरण घेतलं आहे, कारण बहुतेकांकडे सुरुवातीला तेच असतं. हवेचं तत्त्व मात्र सगळीकडे एकच. कोळसा किती भरला आहे यावर आग किती वेळ चालेल ते ठरतं. ती किती तापेल हे हवा ठरवते. खालच्या झडपेतून हवा आत येते, वरच्या झडपेतून धूर बाहेर जातो. वरची झडप पूर्ण उघडी ठेवा आणि तापमान खालच्या झडपेने सांभाळा. वरची बंद करून आच कमी करायला गेलात तर धूर आत कोंडतो, शिळा होतो आणि त्याचा कडवट थर मांसावर बसतो.

५७ सेंटिमीटरच्या केटलमध्ये ब्रिकेटची, म्हणजे दाबून बनवलेल्या कोळशाच्या वड्यांची, साखळी अशी लावा:

१. राख पूर्ण काढा. खालची झडप राखेने तुंबली तर मध्यरात्री आग विझते आणि कारण सापडत नाही.

२. भिंतीला लागून दोन ब्रिकेट शेजारी-शेजारी आणि त्यावर आणखी दोन, अशी रांग परिघाच्या पाऊण भागापर्यंत नेत जा. एकसारख्या आकाराचे ब्रिकेटच घ्या. लाकडी कोळशाचे वेडेवाकडे तुकडे साखळीत नीट बसत नाहीत, फट पडली की आग तिथेच थांबते.

३. साखळीच्या पहिल्या अर्ध्या भागावर मुठीएवढे ४ ते ६ लाकडाचे तुकडे अंतरा-अंतराने ठेवा.

४. मधल्या मोकळ्या जागेत पसरट ट्रे ठेवून त्यात गरम पाणी ओता. गार पाणी ओतलं तर पहिला तासभर आग पाणीच तापवत बसते.

५. पेटवणीच्या चिमणीत (कोळसा पेटवायच्या धातूच्या उभ्या नळ्यात) १० ते १२ ब्रिकेट पेटवा, राखाडी झाले की चिमट्याने साखळीच्या एका टोकावर मांडा. पेटवायचं रसायन वापरू नका, त्याचा वास १२ तास मांसात मुरत राहतो.

६. झाकण लावा. खालची झडप निम्मी उघडी ठेवा.

अशी साखळी साधारण ८ ते १० तास चालते. संपत आली की शेपटीला ब्रिकेट जोडत जा.

लाकूड ओक, हिकोरी, पेकन किंवा फळझाडाचं, चांगलं वाळलेलं घ्या. मेस्किटचा धूर उग्र असतो, सुरुवातीला थोडाच वापरा. पाइनसारखं राळेचं लाकूड, रंग लावलेले तुकडे, प्लायवूड यांना हात लावू नका. तुकडे पाण्यात भिजवण्याचा सल्ला जागोजागी मिळतो, तो सोडून द्या. पाणी लाकडात फारसं आत जात नाही. वरचा ओलावा उडून जाईपर्यंत तुम्हाला मिळते ती निव्वळ वाफ, आणि आगही मंदावते.

सुरुवातीला दाट पांढरा धूर येईल. मांस लगेच आत घालू नका. कोंडलेल्या, अर्धवट जळणाऱ्या आगीचा तो धूर मांसाला काजळीची चव देतो. अर्ध्या-पाऊण तासाने धूर विरळ होतो, कधी निळसर दिसतो, कधी दिसतही नाही, फक्त वरच्या झडपेवर हवा थरथरते. आच १०७ ते १३५ अंशांच्या (२२५ ते २७५ फॅरेनहाइट) मध्ये कुठेही स्थिरावली तर चालेल. आमचा कल १२० कडे आहे. १०७ वर काम फार लांबतं आणि फ्लॅट सुकायला उगाच वेळ मिळतो.

आच सांभाळताना

लक्ष्याच्या १५ अंश अलीकडे असतानाच खालची झडप पाव भागावर आणा. आग वाढवणं सोपं, भडकलेली आग खाली आणणं फार अवघड, कारण एकदा पेटलेले निखारे विझायला वेळ घेतात आणि तोवर भिंती, जाळी, झाकण सगळं तापून बसतं.

झडप हलवताना बोटाच्या पेराएवढीच हलवा, मग १५ मिनिटं हात लावू नका. बहुतेकांचं इथेच चुकतं. तापमान ११० दिसलं म्हणून झडप उघडायची, पाच मिनिटांत फरक दिसला नाही म्हणून आणखी उघडायची, आणि वीस मिनिटांनी १५० झालं की घाईघाईने सगळं बंद करायचं. मग आग गुदमरते, पांढरा धूर सुटतो, आणि तासभर आकड्यांमागे धावावं लागतं. १० अंशांची वर-खाली ब्रिस्केटला जाणवतही नाही. तापमान अर्धा तास एकाच दिशेने सरकत राहिलं तरच काही करा.

तापमान पडत असेल तर झडप उघडण्याआधी तीन गोष्टी पाहा: खाली राख साचली आहे का, साखळीत फट पडली आहे का, वारा बदलला आहे का. तापमान अचानक चढलं असेल तर बहुधा झाकण नीट बसलेलं नसतं किंवा नुकतंच उघडलेलं असतं. झाकण उघडलं की आतली धग जाते, पण निखाऱ्यांना भरपूर हवाही मिळते. म्हणून काटा आधी खाली येतो आणि दहा मिनिटांनी पूर्वीपेक्षा वर जातो. त्या खाली आलेल्या काट्याला घाबरून झडप उघडू नका.

वाऱ्याच्या दिवशी खालच्या झडपेत वारा थेट शिरणार नाही अशी ती वळवून ठेवा आणि आडोसा करा, पण स्मोकर कधीही घरात, गॅरेजमध्ये किंवा बंदिस्त गॅलरीत नेऊ नका. निखाऱ्यांमधून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही.

इतर स्मोकरांबद्दल थोडक्यात. उभ्या, पाण्याच्या भांड्याच्या स्मोकरमध्ये न पेटलेले ब्रिकेट भरून मध्यभागी मूठभर पेटलेले ओता, बाकी सगळं वरच्यासारखंच. जाड सिरॅमिकच्या अंडाकृती चुलीत आच एकदा लक्ष्यापुढे गेली की उतरायला तासभर घेते, तिथे फारच सावकाश चढा. बाजूला आगीचा वेगळा कप्पा असलेल्या ऑफसेट स्मोकरमध्ये सगळा खेळ लाकडाचा. दर ३० ते ४५ मिनिटांनी मनगटाएवढं एक फाटं टाकायचं, तेही आगीच्या कप्प्यावर ठेवून आधी तापवलेलं, म्हणजे ते टाकल्याबरोबर पेट घेतं. मोठा ओंडका टाकून झडपा आवळणं हा तिथला हमखास बिघडवणारा प्रकार. लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्यांवर, म्हणजे पेलेटवर, चालणारा पेलेट स्मोकर आच स्वतः सांभाळतो, तुम्ही फक्त पेलेट कोरडे ठेवा आणि दर वेळी जळणाच्या कुंडीतली राख काढा.

जाळीवर

आच खालून येत असेल तर चरबीची बाजू खाली, ऑफसेटसारखी वरून आणि बाजूने येत असेल तर वर. पॉइंट आगीच्या बाजूला ठेवा, त्याची चरबी त्याला सांभाळते. केटलमध्ये मांस साखळीच्या पेटलेल्या टोकापासून दूर असावं आणि झाकणाची झडप मांसाच्या वर यावी, म्हणजे धूर मांसावरून जातो. आग सरकेल तसं झाकण फिरवत राहा.

पहिले तीन तास उघडू नका. नंतर कडा कोरड्या दिसल्या तर पाणी आणि ॲपल सायडर व्हिनेगर निम्मे-निम्मे करून तासातून एकदा हलका फवारा मारता येतो. नाही मारला तरी बिघडत नाही. प्रत्येक फवाऱ्यामागे थोडा वेळ वाढतो हे लक्षात ठेवा.

६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान मांसाचा आकडा थांबतो. दोन तास, कधी चार तास. थर्मामीटर बिघडलेला नसतो, आगही विझलेली नसते. मांसातून पाणी सुटून पृष्ठभागावर वाफ होत असते आणि आगीतून मिळते तेवढी उष्णता ती वाफ घेऊन जाते. नवखा माणूस नेमका इथे झडपा सताड उघडतो. त्यापेक्षा साल तपासा. नखाने हलकं खरवडा: मसाला निघाला तर साल अजून तयार नाही, तशीच राहू द्या. घट्ट बसली असेल आणि रंग गडद तपकिरी, जवळजवळ काळा झाला असेल तर गुंडाळायची वेळ झाली.

गुंडाळायला बिनमेणाचा जाड बुचर पेपर घ्या, दुहेरी, त्यावर दोन-तीन चमचे कढवलेली चरबी फासा आणि मांस घट्ट आवळा. कागद थोडी वाफ बाहेर जाऊ देतो, त्यामुळे साल टिकते. ॲल्युमिनियम फॉइलने काम आणखी लवकर होतं, पण आत वाफ कोंडून साल भिजून मऊ होते. मेण किंवा प्लॅस्टिकचा लेप असलेला कागद चालणार नाही. गुंडाळल्यावर धुराचा काही उपयोग उरत नाही, तेव्हा लाकूड घालणं थांबवा. या टप्प्यावर ग्रिल सोडून १२० अंशांच्या ओव्हनमध्ये काम पुरं केलं तरी चवीत फरक पडत नाही, रात्रीची झोप मात्र मिळते.

झालं की नाही

९० अंशांपासून तपासायला लागा. बारीक सुई फ्लॅटच्या जाड भागात दोन-तीन ठिकाणी कागदातूनच खुपसा. मऊ लोण्यात जावी तशी, आत-बाहेर दोन्ही वेळा अडखळल्याशिवाय गेली पाहिजे. हे सहसा ९३ ते ९८ अंशांच्या दरम्यान होतं, पण आकड्यावर काढू नका, सुईच्या जाणिवेवर काढा. दोन तुकडे सारख्याच आकड्याला सारखे मऊ असतीलच असं नाही. पॉइंट आधी मऊ होतो, त्याच्यावरून निर्णय घेऊ नका.

काढल्यावर कागदाची वरची घडी १५-२० मिनिटं उघडी ठेवा, म्हणजे आतल्या आत शिजणं थांबतं. आकडा ८० च्या आसपास आला की पुन्हा गुंडाळून जुन्या टॉवेलात लपेटा आणि रिकाम्या आइसबॉक्समध्ये ठेवा. दोन तास तरी, चार झाले तर उत्तम. ६० अंशांच्या खाली मात्र जास्त वेळ राहू देऊ नका. या वेळात जिलेटिन दाट होतं आणि रस मांसात थांबतो. गरमागरम कापलेल्या ब्रिस्केटचा रस पाटावरच वाहून जातो, आणि १२ तासांच्या मेहनतीवर पाणी पडतं.

काप

लांब, दातेरी सुरी घ्या. मांस ६० ते ६५ अंशांवर असताना खुणेच्या बाजूने फ्लॅट कापायला सुरुवात करा, पेन्सिलीएवढी जाडी. पॉइंट सुरू होतो तिथे थांबा. त्याचे धागे वेगळ्या दिशेने जातात, म्हणून तो भाग काटकोनात फिरवा आणि जरा जाड काप करा. जेवढं वाढायचं तेवढंच कापा, कापलेलं मांस काही मिनिटांत सुकतं.

पहिला काप बोटावर आडवा टाकून पाहा. तो वाकावा, पण तुटू नये. दोन्ही टोकांनी हलकं ओढल्यावर सुटावा. ओढूनही ताणत राहिला तर ब्रिस्केट कच्चं राहिलं आहे. असं मांस कोरडंही लागतं, त्यामुळे बरेच जण ‘जास्त शिजलं’ असं समजून पुढच्या वेळी आणखी लवकर काढतात आणि चूक वाढवतात. उचलतानाच चुरा झाला तर मात्र खरोखर जास्त शिजलं. तेव्हा काप जाड करा. चव चांगली पण जिभेवर कडवट, बधिर थर राहिला तर दोष धुराचा: वरची झडप, ओलं लाकूड किंवा घाईने घातलेलं मांस, यांपैकी एक. फ्लॅटचं खालचं अंग कडक झालं असेल तर ट्रेमधलं पाणी आटलं होतं का ते आठवा. आटलेल्या ट्रेमध्ये चरबी पेट घेऊ शकते, म्हणून दर तीन-चार तासांनी गरम पाणी भरत राहावं लागतं.

उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, शक्यतो न कापता, कागदात उतरलेल्या रसासकट. तीन-चार दिवस चांगलं राहतं. गरम करताना तोच रस वर घाला, फॉइलने घट्ट झाका आणि १२० अंशांच्या ओव्हनमध्ये आतलं तापमान ७४ अंशांपर्यंत न्या. स्मोकरच्या सगळ्या झडपा बंद करून आग विझू द्या. राख दुसऱ्या दिवशी गार वाटली तरी आत निखारा असू शकतो, म्हणून ती झाकणाच्या धातूच्या बादलीतच काढा आणि दोन दिवस तिथेच राहू द्या.